फायरवॉल नंतर घ्या, आधी बॅकअप परत उतरवून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोनशे खाटांचं जिल्हा रुग्णालय, त्याला जोडलेली काही उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं. केस पेपर, लॅब, औषध भांडार, एक्स-रे असं बरंचसं काम आता संगणकावर आलंय. यंदा सायबर सुरक्षेसाठी थोडा निधी मिळेल अशी चिन्हं आहेत. समितीत एक मोठा फायरवॉल (इंटरनेटवरून येणारं-जाणारं तपासून अडवणारं यंत्र), सगळ्या संगणकांना अँटिव्हायरस आणि बाहेरच्या एजन्सीकडून ऑडिट असं ठरत आलंय. एवढं पुरेल का? आणि आधी काय घ्यावं?

पुरणार नाही, आणि क्रमही उलटा लागलाय. यात समितीचा दोष आहे असं मी म्हणत नाही. ज्या खरेदीची फाइल सगळ्यात सहज हलते ती खरेदी आधी होते, ही आपल्याकडची रीतच आहे. फायरवॉल टेंडरमध्ये नीट बसतो, त्याचा फोटो काढता येतो, स्टॉक रजिस्टरला चढवता येतो. "दर तीन महिन्यांनी बॅकअप परत उतरवून बघणे" या कामाला मात्र कुठलंच लेखाशीर्ष नसतं, म्हणून ते होत नाही. सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांच्या सर्व्हर खोल्यांत माझी चौदा-पंधरा वर्षं गेली (खोली म्हणजे बहुतेक वेळा जिन्याखालची अडगळ, एसी चालू असला तर नशीब). त्यावरून सांगतो.

आधी आपल्याच देशातलं बघू. २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्समधली ई-हॉस्पिटल यंत्रणा बंद पडली. नोंदणीपासून लॅबच्या रिपोर्टपर्यंत सगळं बरेच दिवस हातानं चाललं. सरकारनं पुढे संसदेत सांगितलं की पाच सर्व्हरना फटका बसला, सुमारे १.३ टेराबाइट डेटा हल्लेखोरांनी कुलूपबंद केला (म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही असा), आणि नेटवर्कचे विभाग नीट पाडलेले नसल्यामुळे हे घडलं. ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला तो धक्का न लागलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. तुमची निम्मी योजना या उत्तरातच आहे: शाबूत बॅकअप आणि वेगळं पाडलेलं नेटवर्क.

बॅकअपपासून सुरू करतो, कारण त्यावर माझे हात पोळलेत.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या एका धर्मादाय रुग्णालयाचं काम माझ्याकडे होतं. रोज रात्री दोन वाजता बॅकअप व्हायचा, सकाळी स्क्रीनवर हिरवी खूण दिसायची. सगळे खूश, मीही खूश. एक दिवस सर्व्हरची डिस्क गेली. हल्ला वगैरे काही नाही, साधी डिस्क गेली. बॅकअपची हार्डडिस्क उघडली तर शेवटची फाइल सात महिन्यांपूर्वीची. झालं होतं असं, की कुणीतरी सर्व्हरला एक पेनड्राइव्ह लावला आणि तो तसाच राहिला. मध्ये कधीतरी वीज गेली, सर्व्हर पुन्हा चालू झाला, आणि हार्डडिस्कचं 'ई' हे अक्षर पेनड्राइव्हला मिळालं, हार्डडिस्क झाली 'एफ'. बॅकअपची स्क्रिप्ट इमानदारीत 'ई'वर लिहीत राहिली. १६ जीबीचा पेनड्राइव्ह चार दिवसांत भरला. जागा संपली हे ओळखायची सोय मी स्क्रिप्टमध्ये ठेवलेलीच नव्हती, त्यामुळे हिरवी खूण रोज येत राहिली. लॅबच्या टेक्निशियन बाई संगणकावर विश्वास नाही म्हणून रजिस्टरही लिहीत होत्या, आणि त्यावरून मी त्यांची थट्टा करायचो. शेवटी त्यांच्याच रजिस्टरांवरून पाच आठवडे बसून नोंदी चढवल्या.

तेव्हापासून "बॅकअप आहे का?" हे मी विचारतच नाही. "शेवटचा बॅकअप कोणी, कधी आणि कुठल्या संगणकावर परत उतरवून बघितला?" असं विचारतो. बहुतेक ठिकाणी यावर शांतता पसरते. चाचणी अवघड नाही. एक मोकळा संगणक घ्या, त्यावर कालचा बॅकअप उतरवा, प्रोग्राम उघडा आणि काल ओपीडीत निघालेला शेवटचा केस पेपर नंबर त्यात सापडतो का बघा. रक्तपेढीची शेवटची पिशवी, औषध भांडारातलं शेवटचं चलन, तेही बघा. या सगळ्याला किती तास लागले ते लिहून ठेवा. खरा प्रसंग आला की जिल्हा शल्यचिकित्सक पहिला प्रश्न विचारणार तो "किती वेळ लागेल?" हाच, आणि तेव्हा अंदाजानं "दोन तास" म्हणणारा माणूस दोन दिवसांनीही "दोन तास"च म्हणत असतो.

बॅकअपची निदान एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी. सर्व्हरला कायम जोडलेली हार्डडिस्क सर्व्हरबरोबरच कुलूपबंद होते. हल्लेखोर आत शिरले की आधी बॅकअपच शोधतात. दोन हार्डडिस्क घ्या, आलटून पालटून लावा, जी लावलेली नाही ती दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात कुलपात ठेवा आणि कपाटाजवळ वही ठेवा. तुमचा मुख्य प्रोग्राम एनआयसीच्या (सरकारी कार्यालयांना संगणक सेवा देणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या) क्लाउडवर असेल तर त्याचा बॅकअप त्यांच्याकडे असतो, पण लॅबचा सर्व्हर, एक्स-रे आणि सीटीच्या प्रतिमा, पगारपत्रकं, कोपऱ्यातल्या संगणकावरच्या एक्सेल फाइली हे सगळं तुमचंच आहे. कुणाचा बॅकअप कोण घेतो हे एकदा पत्र लिहून विचारून घ्या. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

आता आयर्लंडचं. हे उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो, कारण तिथली सरकारी आरोग्यसेवा, एचएसई, आपल्यासारखीच आहे: अनेक रुग्णालयं, प्रत्येकाची वेगळी यंत्रणा, वरून एकच नेटवर्क. शिवाय झाकाझाक न करता त्यांनी चौकशीचा सविस्तर अहवाल जाहीर केला. १८ मार्च २०२१ रोजी एका कर्मचाऱ्यानं ईमेलमधून आलेली एक्सेल फाइल उघडली. त्या दिवशी काहीच झालं नाही. रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) फुटलं १४ मे रोजी. मधले आठ आठवडे हल्लेखोर आतच होते; एका संगणकावरून दुसऱ्यावर, तिथून सर्व्हरवर, एका रुग्णालयातून दुसऱ्यात. अँटिव्हायरस त्या काळात झोपलेला नव्हता. त्यानं इशारे दिले होते, एका रुग्णालयाला शंका आली होती, आणि आदल्या दिवशी, १३ मेला, अँटिव्हायरस पुरवणाऱ्या कंपनीनं ईमेलनं कळवलंही होतं. पण आलेला इशारा वाचून "आत्ता, या मिनिटाला हे बंद करा" असं म्हणण्याचा अधिकार नेमका कुणाला, हे ठरलेलं नव्हतं. एवढ्या मोठ्या संस्थेत सायबर सुरक्षेची जबाबदारी असलेला एकही वरिष्ठ अधिकारी नव्हता, असं अहवाल सांगतो. विंडोज ७ चालवणारे तीस हजारांहून अधिक संगणक होते, तेही त्याच अहवालात आहे.

परिणाम काय झाला? त्या सकाळी देशभरातली आरोग्ययंत्रणा त्यांना स्वतःहून बंद करावी लागली. डब्लिनच्या रोटंडा या प्रसूती रुग्णालयानं ३६ आठवडे पूर्ण झालेल्या गरोदर स्त्रिया सोडून बाकी सगळ्यांना सांगितलं, आज येऊ नका. सरकारनं खंडणी दिली नाही. २० मेला हल्लेखोरांनी कुलूप उघडायची किल्ली फुकटातच देऊन टाकली. तरीही सगळे सर्व्हर उघडायला २१ सप्टेंबर उजाडला. किल्ली हातात असून चार महिने! "पैसे देऊन सोडवू" म्हणणाऱ्यांना मी ही तारीख ऐकवतो.

म्हणून फायरवॉल आणि अँटिव्हायरसच्या आधी मी तुमच्याकडे एक माणूस मागेन. संगणकाचं सगळं बघणारा तुमचा माणूस बहुधा ११ महिन्यांच्या करारावरचा असेल, प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून संचालनालयाच्या व्हिडिओ कॉन्फरन्सपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. त्याला सायबर सुरक्षेचा नोडल अधिकारी करून पत्र काढाल तर ते फक्त फाइलीत राहील. जबाबदारी निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पातळीवरच्या कुणाकडे तरी द्या आणि त्या पत्रात एक वाक्य टाका: संशय आल्यास रात्री-अपरात्री, कुणालाही न विचारता, संबंधित विभागाचं नेटवर्क तोडण्याचा अधिकार या व्यक्तीला राहील, आणि नंतर शंका खोटी ठरली तरी त्याबद्दल विचारणा होणार नाही. हे शेवटचं अर्धवाक्य सगळ्यात महत्त्वाचं. सिंगापूरच्या सिंगहेल्थमधून २०१८मध्ये १५ लाख रुग्णांची माहिती गेली, त्यात खुद्द पंतप्रधानांचीही होती. तिथल्या चौकशीतही हेच निघालं: खालच्या लोकांना काहीतरी विचित्र चाललंय हे दिसत होतं, मधल्या पायरीवर ते अडून राहिलं. खात्री नसताना वर कसं कळवायचं, उगाच ताप नको. आपल्या कार्यालयांत ही भीती कमी आहे असं कोण म्हणेल?

नेटवर्क वेगळं करण्याचं काम कागदावर फार तांत्रिक वाटतं, पण त्याची सुरुवात चपला काढून टेबलाखाली शिरण्यापासून होते. एका रुग्णालयात आम्ही तीन दिवस फक्त वायरी मोजल्या. यादीप्रमाणे संगणक होते ६४, सापडले ८८. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, कॅन्टीनचं बिलिंग, हजेरीचं बोटांचं यंत्र, वसतिगृहाचं वायफाय आणि सीटी स्कॅनचा कन्सोल, सगळे एकाच नेटवर्कवर सुखानं नांदत होते. कन्सोलच्या मागे धुळीत एक छोटा निळा दिवा लुकलुकत होता. सिमकार्ड घातलेला राउटर. विचारलं तर कळलं, कंपनीच्या इंजिनिअरला पुण्याहून यंत्र बघता यावं म्हणून त्यानंच लावून ठेवलाय, दोन वर्षांपूर्वी. म्हणजे पुढच्या दाराला कितीही महागाचा फायरवॉल बसवला असता, तरी मागचं दार उघडंच होतं, आणि त्या दाराची किल्ली आता त्या कंपनीत नोकरीलाही नसलेल्या माणसाकडे.

सीटी, एमआरआय, लॅबचे अॅनालायझर ही यंत्रं जुन्या विंडोजवर चालतात आणि पुरवठादार अपडेट करू देत नाही, वॉरंटी जाईल म्हणतो. त्याच्याशी भांडण्यात वेळ घालवू नका. यंत्र जुनंच राहू द्या, पण त्याला कोंडून टाका. सीटी कन्सोलला बोलायचं असतं फक्त प्रतिमांच्या सर्व्हरशी, तेही ठरलेल्या एक-दोन पोर्टवरून. तेवढंच उघडं ठेवा, बाकी सगळं बंद. इंटरनेट नाही, ईमेल नाही, कुणाचा पेनड्राइव्ह नाही. दुरून दुरुस्ती हवी असेल तर इंजिनिअरनं फोन करावा, आपण तासाभरासाठी वाट उघडावी, वहीत सही घ्यावी आणि परत बंद करावी. यासाठी लागणारे मॅनेज्ड स्विच (वायरी जोडायचे, नेटवर्कचे भाग पाडता येणारे डबे) पुष्कळ रुग्णालयांत आधीच बसवलेले असतात. खोक्यातून काढले आणि तसेच लावले, आत कुणी डोकावलेलंच नाही. ऑडिटच्या पैशातून चांगला नेटवर्क इंजिनिअर महिनाभर बसवलात तर ओपीडी, कार्यालय, वैद्यकीय यंत्रं, कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय असे पाच भाग सहज पडतील.

अपडेटबद्दल एकच सांगतो. १२ मे २०१७च्या वॉनाक्राय हल्ल्यात इंग्लंडमधल्या २३६ पैकी निदान ८० एनएचएस ट्रस्टना (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या संस्थांना) फटका बसला, सुमारे १९,००० अपॉइंटमेंट रद्द झाल्या. विंडोजमधल्या ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं. आपल्याकडे तर विंडोज १०चीही नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबलीत. नवे संगणक घ्यायला निधी नसेल तर जुने निदान इंटरनेटपासून दूर ठेवा. आणि अपडेट बंद का असतात तेही बघा. विंडोज चोरीचं असतं. किंवा मराठी टायपिंगचं एखादं जुनं सॉफ्टवेअर कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर आलेलं असतं, ते 'क्रॅक' करताना अँटिव्हायरस बंद ठेवायला सांगतात, आणि तो मग बंदच राहतो. युनिकोडमध्ये टाइप करायला शिकवणं हा सायबर सुरक्षेचा उपाय आहे असं म्हटलं की लोक हसतात. मी गंभीरपणे म्हणतो.

पासवर्डबद्दल सिस्टरना आणि डेटा एंट्री ऑपरेटरना रागावू नका. कॅज्युअल्टीत एकाच पासवर्डवर सहा जण काम करतात, तो मॉनिटरला चिकटवलेला असतो, हे खरं. पण एकदा तिथे अर्धा तास उभे राहा. लॉगिन व्हायला मिनिटभर लागतं, समोर अपघाताचा पेशंट आहे, मागे नातेवाईक ओरडताहेत. अशा ठिकाणी दर पाळीला नवं लॉगिन मागणारी व्यवस्था कुणीही मोडीतच काढणार. तिथे कार्ड किंवा बोटाचा ठसा अशी पटकन होणारी सोय द्या, आणि कडकपणा दाखवायचा तो अॅडमिनच्या खात्यांवर: प्रत्येकाचं वेगळं खातं, मोबाइलवर दुसरी खातरजमा, करार संपला त्याच संध्याकाळी खातं बंद. बदली होऊन गेलेल्यांची खाती एकदा मोजून बघा.

रुग्णालयाचा कारभार वैयक्तिक जीमेलवर आणि व्हॉट्सअॅपवर चालतो, हा वेगळाच विषय आहे. गरोदर मातांची यादी, नाव, मोबाइल, आधार, बँक खातं, सगळं एका एक्सेलमध्ये, आणि ती एक्सेल चाळीस जणांच्या ग्रुपवर. कारण वरून संध्याकाळी पाचला फोन येतो, सहापर्यंत माहिती पाठवा. अशी यादी बाहेर गेली की "तुमचे मातृवंदनेचे पैसे अडकलेत, ओटीपी सांगा" असे फोन त्याच बायांना जातात, आणि त्या शिव्या आशाताईंना घालतात. असं कुणाचं झालंच तर लगेच १९३० वर कळवायला सांगा. क्षयरोग आणि एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) केंद्राच्या याद्यांचं तर बोलायलाच नको. एचआयव्हीबाबत गुप्तता राखणं २०१७च्या कायद्यानंच बंधनकारक आहे. शिवाय २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. निदान एवढं तरी करा: ग्रुपवर आकडे जातील, नावं जाणार नाहीत. नावं लागतील तर पोर्टलवरूनच बघायची. हे वरच्या कार्यालयानंही पाळलं पाहिजे, आणि तिथेच गाडी अडते.

एवढं करूनही एक दिवस यंत्रणा बंद पडेल हे धरून चाला. सीईआरटी-इनच्या (सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या) एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, आणि लॉग (यंत्रणेत कधी काय झालं याच्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. त्यांचा नंबर, एनआयसीच्या माणसाचा नंबर आणि पुरवठादाराचा नंबर कागदावर छापून कॅज्युअल्टीत आणि सर्व्हर खोलीत लावा, कारण त्या दिवशी संगणकातली फोनची यादी उघडणार नाही. सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळवून ठेवा. एकदा डीव्हीआर चाळीस मिनिटं मागे असल्यामुळे सर्व्हरला हात लावणारा माणूस कोण हे शोधताना आम्ही भलत्याच वॉर्डबॉयला धारेवर धरलं होतं.

आणि कागदाची तालीम घ्या. वर्षातून दोनदा, ओपीडी कमी असते अशा दिवशी, दोन तास संगणक मुद्दाम बंद. छापील केस पेपर आहेत का? त्यांच्यासाठी वेगळी क्रमांकमालिका राखून ठेवली आहे का, नाहीतर नंतर नोंदी चढवताना दोन रुग्णांना एकच नंबर पडतो. लॅबनं रिपोर्ट फोनवर सांगितला तर ऐकणाऱ्यानं तो परत वाचून दाखवायचा, हे सगळ्यांना माहीत आहे का? जून २०२४मध्ये लंडनच्या मोठ्या रुग्णालयांना रक्ततपासण्या करून देणाऱ्या सिनोव्हिस या संस्थेवर हल्ला झाला. रुग्णालयांचे स्वतःचे संगणक ठीक होते. पण रक्तगट जुळवणं मंदावलं, सगळ्यांना ओ गटाचंच रक्त द्यावं लागू लागलं, आणि त्या गटाच्या दात्यांना जाहीर आवाहन करायची वेळ आली. तुमच्याकडे लॅब किंवा सीटी बाहेरच्या संस्थेला चालवायला दिली असेल तर करारात विचारा: तुमची यंत्रणा बंद पडली तर आम्हाला किती तासांत कळवणार, आणि तोवर आमच्या पेशंटचं काय? करार आधीच झालेला असेल तर नूतनीकरणाच्या वेळी हे कलम घाला, तेव्हाच त्यांचा हात दगडाखाली असतो.

फायरवॉल घ्यायचाच असेल तर घ्या, मी विरोधात नाही. पण तीन वर्षांचं लायसन्स सुरुवातीलाच घ्या, आणि त्याचे इशारे रोज सकाळी कोण वाचणार त्या माणसाचं नाव आणि पद खरेदीच्या प्रस्तावातच लिहा. नाव सुचत नसेल तर तो प्रस्ताव पुढच्या बैठकीपर्यंत ठेवा. त्या पैशातून दोन हार्डडिस्क, एक मोकळा संगणक आणि महिनाभराचा नेटवर्क इंजिनिअर घ्या. संगणक आला की मला कळवा, पहिला बॅकअप परत उतरवताना मी फोनवर थांबेन.